पडद्यावर पाणी आलं कुठून? रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या आणि पाझरवणाऱ्या प्रथिनांबद्दल

आईला डायबेटीस होऊन सतरा-अठरा वर्षं झाली आणि गेल्या वर्षी तिला पेपरातल्या ओळी मधेच वाकड्या दिसायला लागल्या. डोळ्यांच्या डॉक्टरांनी ओसीटी, म्हणजे पडद्याचा स्कॅन काढला, म्हणाले पडद्याला सूज आहे, पाणी साचलंय, डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल. आई इंजेक्शनला घाबरली नाही, ती भलत्याच गोष्टीवर अडली. घरी येताना रिक्षात मला विचारते, "अगं, पण पाणी आलं कुठनं? डोळ्यात काय झरा आहे का?"

मी बारावीला बायोलॉजी शिकवते, तरी रिक्षात मला धड उत्तर देता आलं नाही. शिवाय वेटिंग रूममध्ये शेजारी जे काका बसले होते त्यांना डायबेटीस नव्हता, त्यांच्या पडद्याखाली वयामुळे नको तिथं नवीन रक्तवाहिन्या उगवल्या होत्या, आणि त्यांनाही हेच इंजेक्शन. आणि याच जातीचं औषध आमच्या नात्यातल्या एकांना आतड्याच्या कॅन्सरमध्ये केमोबरोबर सलाइनमधून दिलं होतं. एकाला पाणी, एकाला नको असलेल्या रक्तवाहिन्या, एकाला गाठ, आणि तिघांच्या फाईलवर एकच शब्द, अँटी-व्हीईजीएफ. हे असं का, ते आईला समजेल इतकं सोपं करून सांगायचं म्हणून मी बसले आणि मग त्यात अडकतच गेले, कारण शरीराची ही गोष्ट खरंच फार सुंदर आहे.

आधी रक्तवाहिनीची भिंत बघू. आपण रक्तवाहिनी म्हणजे पाइप समजतो, पण सगळ्यात बारीक ज्या केशवाहिन्या असतात त्यांची भिंत म्हणजे चपट्या पेशींचा फक्त एक थर, फरशीला फरशी लावावी तसा. आतली जागा इतकी अरुंद की सात-आठ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लाल पेशी बऱ्याच ठिकाणी अंग चोरून, वाकून पुढं जाते. या थराला एंडोथेलियम म्हणतात. शेजारशेजारच्या पेशी एकमेकींना धरून असतात आणि हे धरणं ज्या प्रथिनाच्या जोरावर होतं त्याचं नाव व्हीई-कॅडहेरिन, म्हणजे प्रत्येक पेशीच्या कडेला लावलेले हुकच. हे हुक घट्ट असतील तर आतलं पाणी आत, सैल झाले की पाणी आणि त्यातली प्रथिनं फटीतून बाहेर.

आता पाझर म्हटलं की बिघाड असं वाटतं, तसं नाहीये. माठ पाझरतो म्हणून पाणी गार होतं, अजिबात न पाझरणारा माठ काही उपयोगाचा नाही, आणि भळाभळा गळणाराही नाही. रक्तवाहिन्यांचं तसंच. लिव्हरमधल्या वाहिन्यांना चांगली भोकं असतात कारण तिथं रक्ताशी भरपूर देवाणघेवाण करायची असते, किडनीतल्या वाहिन्यांना बारीक खिडक्या असतात, आणि मेंदू आणि डोळ्याचा पडदा इथं मात्र भिंत एकदम चोख, तिथं जरासाही पाझर चालत नाही. म्हणजे प्रत्येक अवयवाचं पाझराचं प्रमाण ठरलेलं आहे. ते ठरवतं कोण, तर आजूबाजूच्या पेशी. पेशीला उठून जाऊन सांगता येत नाही, म्हणून ती प्रथिन तयार करून स्वतःच्या बाहेर सोडते, आणि ते शेजारच्या पेशीवरच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला जाऊन चिकटलं की निरोप पोचला.

यातला सगळ्यात मोठा निरोप्या म्हणजे व्हॅस्क्युलर एंडोथेलियल ग्रोथ फॅक्टर, म्हणजेच व्हीईजीएफ. आणि याचा शोध दोनदा लागला, दोन वेगळ्या नावांनी!

पहिल्यांदा १९८३ मध्ये. बॉस्टनमध्ये हॅरॉल्ड ड्वोरॅक आणि डोनाल्ड सेंगर या संशोधकांना प्रश्न पडला होता की कॅन्सरच्या गाठीभोवती एवढं पाणी का साचतं, पोटात कॅन्सर पसरला की जलोदर का होतो. त्यांनी गिनीपिगच्या रक्तात निळा रंग सोडला आणि ट्यूमरमधलं पाणी थोडंसं कातडीत टोचलं, आणि टोचलं तिथं निळा डाग उमटला, म्हणजे रक्तातला रंग भिंतीबाहेर आला, म्हणजे त्या पाण्यात भिंत सैल करणारं काहीतरी आहे. ते एक प्रथिन निघालं, ट्यूमरच्या पेशींनी बाहेर सोडलेलं, आणि ताकदीला हिस्टमिनच्या हजारो पट. ॲलर्जीमध्ये अंगावर गांध्या उठतात ना, ते हिस्टमिनचं काम, त्यावरून अंदाज करा. नाव ठेवलं व्हॅस्क्युलर पर्मिएबिलिटी फॅक्टर, म्हणजे पाझरवणारं.

दुसऱ्यांदा १९८९ मध्ये, कॅलिफोर्नियात जेनेनटेक कंपनीत. नेपोलिओनी फेरारा गायीच्या पिट्युइटरी ग्रंथीतल्या पेशींवर काम करत होते, त्या पेशी असं काही सोडत होत्या की एंडोथेलियमच्या पेशी भराभर वाढायच्या. नाव ठेवलं व्हीईजीएफ, म्हणजे वाढवणारं. दोन्हींचा जेनेटिक क्रम वाचून झाला आणि त्याच वर्षी कळलं की हे एकच प्रथिन आहे. पाझरवणारं तेच आणि वाढवणारं तेच. माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली इथं आहे, आणि आईच्या प्रश्नाचं अर्धं उत्तरही.

कारण नवीन रक्तवाहिनी फुटायची तर जुन्या भिंतीतल्या पेशींनी एकमेकींचा हात सोडायलाच पाहिजे. हात घट्ट धरून कुणी बाहेर पडू शकत नाही. म्हणजे पाझर हा वाढीचा साइड इफेक्ट नाही, ती वाढीची पहिली पायरी आहे. भिंत सैल झाली की रक्तातलं फायब्रिनोजेन, म्हणजे रक्त गोठवायला लागणारं प्रथिन, बाहेर पडतं, बाहेर त्याचं जाळं जमतं आणि नव्या वाहिनीला मांडवावर वेल चढावा तसं त्या जाळ्यावरून पुढं जायला मिळतं. जखम भरताना हेच होतं, आधी सूज, ओल, मग लालसर नवीन मांस, ते लाल दिसतं कारण त्यात कोवळ्या रक्तवाहिन्या ठासून भरलेल्या असतात. जखम भरली की हे थांबतं. ट्यूमरमध्ये थांबत नाही, म्हणून ड्वोरॅक यांनी १९८६ मध्ये ट्यूमरला न भरणाऱ्या जखमेची उपमा दिली होती.

मग हा निरोप सुटतो कधी? ऑक्सिजन कमी पडला की. प्रत्येक पेशीत हिफ नावाचं एक प्रथिन सतत बनत असतं आणि ऑक्सिजन असला की लगेच मोडून टाकलं जातं, बनवा आणि मोडा, बनवा आणि मोडा. ऐकायला उधळपट्टी वाटते पण यात वेळ वाचतो, कारण ऑक्सिजन कमी झाल्याक्षणी मोडणं थांबतं आणि हिफ साठत जातं, केंद्रकात जाऊन व्हीईजीएफचं जीन चालू करतं. पेशी गुदमरली की ती स्वतःच रक्तवाहिनीला हाक मारते. हे ज्यांनी उलगडलं त्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा या तिघांना २०१९ चं मेडिसिनचं नोबेल मिळालं.

ही हाक किती मोजूनमापून द्यावी लागते बघा. १९९६ मध्ये उंदरांवर प्रयोग झाला, व्हीईजीएफच्या जीनच्या दोन प्रतींपैकी फक्त एकच काढली, म्हणजे प्रथिन निम्मं उरलं, तर पिल्लं गर्भातच अकरा-बारा दिवसांत मेली, रक्तवाहिन्या नीट झाल्याच नाहीत. बहुतेक जीन्सची एक प्रत गेली तरी दुसरीवर भागतं, इथं भागत नाही. मी वर्गात हे सांगते तेव्हा पोरं गप्प होतात.

आणि फक्त किती नाही, कुठं हेही तितकंच महत्त्वाचं. व्हीईजीएफचे लहानमोठे प्रकार असतात, आखूड प्रकार पाण्यात विरघळून लांब पसरतो, लांब प्रकार पेशींच्या बाहेरच्या जाळ्याला चिकटून जवळच राहतो, मधला थोडा इकडं थोडा तिकडं. त्यामुळं गुदमरलेल्या जागेजवळ दाट आणि लांब जावं तसं विरळ असा उतार तयार होतो, आणि वाहिनी त्या वासाच्या दिशेनं वाढते. ज्या उंदरांमध्ये फक्त विरघळणारा प्रकारच तयार होईल असं केलं, त्यांच्यात वाहिन्या रुंद झाल्या पण फांद्या कमी फुटल्या, कारण सगळीकडून सारखीच हाक आली तर जायचं कुठं. हाक ऐकून जी पेशी सगळ्यात पुढं सरकते तिला टिप सेल म्हणतात, ती बोटांसारखे बारीक फाटे काढत वाट चाचपते आणि शेजारणींना निरोप देते की तुम्ही पुढं येऊ नका, मागून नळी वाढवा. सगळ्याच पुढं धावल्या असत्या तर भिंतच उरली नसती.

इथपर्यंत एकटं व्हीईजीएफ. पण नुसतं याच्यावर सोडलं तर होतात त्या वाहिन्या कच्च्या, वाकड्यातिकड्या आणि गळक्या. त्यांना पक्कं करायला दुसरी मंडळी लागतात. टिप सेल पीडीजीएफ नावाचं प्रथिन सोडते, त्याच्या वासानं पेरिसाइट नावाच्या पेशी येतात आणि वाहिनीला बाहेरून मिठी मारून बसतात. या पेरिसाइट मग अँजिओपोएटिन-१ सोडतात, ते एंडोथेलियमवरच्या टाय-२ रिसेप्टरला लागतं आणि निरोप असतो की सगळं ठीक आहे, हात घट्ट धरा, शांत राहा. हे प्रथिन १९९६ मध्ये सापडलं, पुढच्याच वर्षी त्याचं भावंड सापडलं, अँजिओपोएटिन-२, आणि ते बहुतेक वेळा बरोब्बर उलटं वागतं, त्याच टाय-२ वर जाऊन बसतं आणि शांततेचा निरोप पोचू देत नाही. गंमत म्हणजे हे दुसरं एंडोथेलियमच्या पेशींनी आधीच बनवून पिशव्यांमध्ये भरून ठेवलेलं असतं, इन्फेक्शन किंवा मार लागला की नवीन बनवायची वाट बघायची नाही, पिशवी फोडायची, मिनिटांत काम. भिंत अशी सैल झाल्यावर जवळ व्हीईजीएफ असेल तर नवीन फांदी फुटते, नसेल तर ती वाहिनी सुकून जाते. १९९९ मध्ये उंदरांच्या कातडीत हे छान दिसलं, व्हीईजीएफ जास्त असलेल्यांच्या वाहिन्या पुष्कळ पण गळक्या, अँजिओपोएटिन-१ जास्त असलेल्यांच्याही पुष्कळ, पण चिवट, सहज न गळणाऱ्या. म्हणजे वाढ आणि गळती यांची फारकत होऊ शकते.

आता आईचा डोळा. वर्षानुवर्षं साखर जास्त राहिली की पडद्यातल्या केशवाहिन्यांना मिठी मारून बसलेल्या पेरिसाइट मरायला लागतात, हे फार लवकर सुरू होतं, नजरेला काही कळायच्या कितीतरी आधी. त्या गेल्या की घट्ट धरा म्हणणारा आवाज बारीक होतो. काही केशवाहिन्या बंद पडतात, तिथला पडदा गुदमरतो, आणि आपल्या शरीरात डोळ्याचा पडदा म्हणजे वजनाच्या मानानं सगळ्यात जास्त ऑक्सिजन खाणाऱ्या भागांपैकी एक, तो गुदमरला की व्हीईजीएफची हाक जोरात. हाक ऐकून जवळच्या वाहिन्यांचे हुक सुटतात आणि पाझर सुरू होतो, जिथं एक थेंब चालत नाही नेमका तिथं, बारीक अक्षर वाचायच्या मधल्या ठिपक्यावर. हेच ते पाणी. झरा वगैरे नाही गं आई, तुझ्याच रक्तातलं पाणी, मदत मागणाऱ्या पेशींनी बोलावलेलं.

गुदमरणं वाढत गेलं की पुढची पायरी, नवीन वाहिन्या फुटतात, त्या कच्च्या असतात, फुटल्या की डोळ्यात रक्त उतरतं. १९९४ मध्ये अशा पेशंटच्या डोळ्यातल्या जेलीत व्हीईजीएफ मोजलं तर ते खूप वाढलेलं होतं, आणि लेझर यशस्वी झालेल्यांमध्ये उतरलेलं. पूर्वी बऱ्याच लोकांना वाटायचं की लेझर गळणाऱ्या वाहिन्या जाळतं, पण कडेकडेनं जे शेकडो ठिपके मारतात त्याचा मोठा उपयोग वेगळा आहे, पडद्याचा कमी कामाचा भाग कमी केला की ऑक्सिजनची मागणी कमी होते आणि हाकच मंदावते.

इंजेक्शन काय करतं, तर ते व्हीईजीएफला वाटेतच धरून ठेवतं, रिसेप्टरपर्यंत पोचू देत नाही. पहिलं मोठं औषध बेव्हॅसिझुमॅब, २००४ मध्ये अमेरिकेत आतड्याच्या पसरलेल्या कॅन्सरसाठी मान्य झालं. दुसऱ्याच वर्षी मायामीतले डोळ्यांचे डॉक्टर फिलिप रोझेनफेल्ड यांनी त्याचा अगदी थोडासा भाग डोळ्यात देऊन बघितला, आणि पडद्याखालची सूज उतरली. २००६ मध्ये डोळ्यासाठीच बनवलेलं रॅनिबिझुमॅब आलं, २०११ मध्ये अफ्लिबरसेप्ट, जे व्हीईजीएफच्या स्वतःच्या रिसेप्टरचेच तुकडे जोडून बनवलंय. जुनं बेव्हॅसिझुमॅब डोळ्यासाठी अधिकृत नसूनही खूप वापरतात कारण ते कितीतरी स्वस्त पडतं, आणि २०११ च्या अमेरिकेतल्या मोठ्या तुलनेत वयामुळं होणाऱ्या पडद्याच्या आजारात नजरेचा फायदा रॅनिबिझुमॅबइतकाच दिसला. आपल्याकडं खिशातून पैसे भरणाऱ्या माणसाला हे माहीत असायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, डॉक्टरांना विचारा, त्यात संकोच कसला. २०२२ मध्ये फॅरिसिमॅब आलं, ते व्हीईजीएफ आणि अँजिओपोएटिन-२ दोन्ही धरतं, त्यामुळं काही पेशंटना दोन इंजेक्शनांत चार महिन्यांपर्यंत अंतर ठेवता येतं.

परत परत का घ्यावं लागतं हा पुढचा प्रश्न, तो आईनंही विचारला. औषध काही आठवड्यांत डोळ्यातून निघून जातं, पण बंद पडलेल्या केशवाहिन्या तशाच बंद आहेत, त्यामुळं हाक परत सुरू. इंजेक्शन हाक दाबतं, भूक मिटवत नाही.

मग व्हीईजीएफ वाईट का? अजिबात नाही, आणि हे सगळ्यात चांगलं कळतं ते गरोदरपणातल्या बीपीच्या आजारात, प्रीएक्लॅम्प्सियात. विसाव्या आठवड्यानंतर बीपी वाढतं, लघवीतून प्रथिन जातं, अंगावर सूज, आणि वेळेत लक्ष दिलं नाही तर झटके येऊन आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका. तेव्हा बॉस्टनमध्ये काम करणारे भारतीय वंशाचे किडनीतज्ज्ञ अनंत करुमांची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवलं की या बायकांची वार, म्हणजे प्लासेंटा, एक प्रथिन भरमसाट सोडते, एस-फ्लिट-१. हा व्हीईजीएफचाच रिसेप्टर आहे, पण पेशीत रोवलेला नाही, सुटा, रक्तात फिरणारा, तो व्हीईजीएफ आणि त्याचं भावंड पीएलजीएफ पकडून ठेवतो, निरोप पोचतच नाही. किडनीच्या खिडक्यांना रोज थोडं व्हीईजीएफ लागतं, ते तुटलं की गाळणी बिघडते आणि प्रथिन लघवीत उतरतं, रक्तवाहिन्या आवळतात आणि बीपी चढतं. आता कॅन्सरसाठी सलाइनमधून बेव्हॅसिझुमॅब घेणाऱ्यांचे नेहमीचे त्रास बघा, बीपी वाढणं आणि लघवीतून प्रथिन जाणं. तेच! एकीकडं औषधानं व्हीईजीएफ अडवलं, दुसरीकडं वारेनं. जखमा उशिरा भरतात म्हणून ऑपरेशन आणि हे औषध यात निदान चार आठवडे ठेवतात, तेही याच कारणानं. एस-फ्लिट-१ आणि पीएलजीएफ यांच्या प्रमाणाची रक्ततपासणी आता निघालीय, संशय असलेल्या बाईत ते ३८ किंवा त्याहून कमी असेल तर पुढच्या आठवड्यात हा आजार होण्याची शक्यता फार कमी.

आणि हाच सुटा रिसेप्टर एका ठिकाणी रोज आपलं भलं करतो. डोळ्याचा समोरचा पारदर्शक भाग, नेत्रदानात घेतात तो कॉर्निया, त्यात एकही रक्तवाहिनी नसते म्हणून आरपार दिसतं. २००६ मध्ये कळलं की कॉर्निया स्वतःच एस-फ्लिट-१ सोडत असतो आणि व्हीईजीएफला अडवत असतो. मॅनाटी नावाच्या समुद्री प्राण्याच्या कॉर्नियात रक्तवाहिन्या असतात, आणि त्याच्या कॉर्नियात तपासलं तर हे प्रथिन नाही.

कॅन्सरचं थोडक्यात. जुडा फोकमन नावाचे सर्जन १९७१ पासून सांगत होते की गाठीला स्वतःच्या रक्तवाहिन्या मिळाल्या नाहीत तर ती एक-दोन मिलिमीटरच्या पुढं जात नाही, तेव्हा फार कुणी मानलं नाही. रक्त तोडलं की गाठ उपाशी मरेल ही आशा होती, पण २००४ च्या आतड्याच्या कॅन्सरच्या चाचणीत केमोबरोबर बेव्हॅसिझुमॅब दिल्यावर मध्यक (मीडियन) आयुष्य १५.६ महिन्यांवरून २०.३ महिन्यांवर गेलं, म्हणजे फायदा खरा पण मर्यादित. आयआयटी कानपूरला शिकलेले संशोधक राकेश जैन यांचं म्हणणं यात मला फार पटतं, की ट्यूमरच्या गळक्या वाहिन्यांमधून केमो आत नीट पोचतच नाही, व्हीईजीएफ योग्य मापात अडवलं तर त्या वाहिन्या काही काळ ताळ्यावर येतात, गळती कमी होते आणि औषध आत जातं. तोडायचं नाही, दुरुस्त करायचं.

डेंग्यूचं सांगितल्याशिवाय मात्र राहवत नाही, दर पावसाळ्यात आपल्या आसपास कुणाला ना कुणाला होतो. घरात सगळे प्लेटलेट मोजत बसतात, पण डेंग्यूत जीव धोक्यात येतो तो बऱ्याचदा पाझरामुळं. व्हायरस एनएस-१ नावाचं स्वतःचं प्रथिन रक्तात सोडतो, सुरुवातीला टेस्ट करतात ते हेच, आणि ते वाहिनीच्या आतला साखरेचा मऊ लेप झिजवतं, गंभीर पेशंटमध्ये अँजिओपोएटिन-२ ही वाढलेलं सापडतं. पाणी भिंतीबाहेर पोटात, छातीत जातं आणि रक्त घट्ट होतं, म्हणून रिपोर्टमध्ये हिमॅटोक्रिट किंवा पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, चढतोय का ते बघायचं. हा काळ साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरताना येतो. ताप गेला म्हणून निर्धास्त होऊ नका, पोटात दुखतंय, सारख्या उलट्या होतायत, लघवी कमी झालीय, गळून गेलाय असं दिसलं तर लगेच दवाखाना.

आईची चार इंजेक्शनं झाली. ओसीटीवर पडद्याची जाडी चारशे साठ मायक्रॉनवरून तीनशेच्या खाली आली, ओळी बऱ्यापैकी सरळ दिसतात म्हणते, शब्दकोडं परत सुरू झालंय. तिला मी एवढंच सांगितलं की सूज इंजेक्शननं उतरली पण पेरिसाइट मारणारी साखर इंजेक्शननं उतरत नाही, ते गोळ्या आणि जेवणाचं काम. पुढची तारीख आठ आठवड्यांनी आहे, तिनं कॅलेंडरवर गोल केलाय, आणि त्याच्या आदल्या दिवशी एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी, असं लिहिलंय.